साठ वर्षांच्या ट्रेलरचं दार पुन्हा बसवताना

गाडीमागे ओढायचा, आत राहता येईल असा जुना ट्रेलर बघायला गेलो तेव्हा त्याचं दार प्लास्टिकच्या दोरीने बांधून ठेवलं होतं. मालक वयस्कर गृहस्थ. म्हणाले, काही नाही, बिजागरीचे दोन स्क्रू सैल झालेत. दोरी सोडली, तसं दार दोन इंच खाली बसलं आणि खालच्या कडेतून ओला भुसा माझ्या बुटांवर सांडला. भाव तिथल्या तिथे उतरला, ट्रेलर आमच्या ओहायोच्या घरी आला, आणि त्या दोन सैल स्क्रूंनी माझे ऑक्टोबरातले सगळे शनिवार-रविवार खाल्ले.

दुसरं महायुद्ध संपल्यावर आणि पुढे साठच्या दशकाअखेरपर्यंत अमेरिकेत गाडीमागे ओढायचे छोटे ट्रेलर भरपूर बनले. बाजूने पाहिलं तर हॅमच्या डब्यासारखे दिसतात, म्हणून त्यांना 'कॅन्ड हॅम' म्हणतात. शास्ता हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. आतून लाकडी फट्ट्यांचा सांगाडा आणि बाहेरून अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, अशी यांची बांधणी. हा लेख अशाच ट्रेलरच्या दाराबद्दल आहे. चकचकीत एअरस्ट्रीम ही वेगळी जात. तिथे सांगाडाही अॅल्युमिनियमचा, जोड रिव्हेटचे आणि दार भिंतीबरोबर वळलेलं. त्याला ही पद्धत लागू होत नाही.

मापं मी सुतांत सांगणार आहे. इंचाचे आठ भाग केले की एक सूत, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. गावाकडचे सुतार याच हिशेबात बोलतात आणि अमेरिकेतल्या टेपवरही या आठव्या भागांच्या खुणा असतात. इथल्या लाकडाच्या वखारीत उभं राहून मनात 'सहा सूत' म्हणताना मला बरं वाटतं.

दाराच्या पोटात काय असतं

बाहेरचा पत्रा जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीचा. त्याच्या कडा दाराभोवती दुमडून सांगाड्याच्या बाजूंवर स्टेपल मारलेले असतात. आत सहा सूत जाड आणि दीड इंच रुंद फट्ट्यांची चौकट, मधल्या पोकळीत काचलोकर, आणि आतल्या बाजूने एक सूत जाडीचा बर्चचा प्लायवूड. सगळं मिळून दार सात सुतांचं. कारखान्यात कुसू-खाचेचे सांधे करायला कुणाला वेळ नव्हता. फट्टीला फट्टी टेकवायची, स्टेपल मारायचा, पुढचं दार घ्यायचं. तरीही हे दार वर्षानुवर्षं टिकतं, कारण दोन्ही बाजूंची कातडी, म्हणजे पत्रा आणि प्लाय, सांगाड्याला ताणून धरते. प्लाय ओला होऊन सुटला की ताकद गेली. मग बिजागरीत कितीही लांब स्क्रू घाला, दार लोंबणारच.

पाणी येतं वरून, मुक्काम करतं खाली. दाराच्या खिडकीची चौकट, कुलपाच्या स्क्रूंची भोकं, दारावरची पावसाळी पट्टी, यांतून थेंब थेंब आत जातो आणि खालच्या आडव्या फट्टीवर बसून राहतो. पत्र्याची दुमड खालून बंद असते, त्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट नाही. म्हणून कुजणं जवळजवळ नेहमी खालच्या दोन कोपऱ्यांत सुरू होतं.

आधी दाराला हात लावू नका

पहिली चूक बहुतेक सगळेच करतात. दार काढून टेबलावर घेतात. दार अजून जागेवर असतानाच जे कळतं, ते नंतर कळत नाही.

ट्रेलर आधी समपातळीत आणा. पुढचं टोक हुकाच्या जॅकने आणि एका बाजूचं चाक लागलं तर फळीवर चढवून. कोपऱ्यांचे आधाराचे जॅक फक्त टेकवायचे. ते वजन उचलायला नसतात. एका कोपऱ्याचा जॅक जास्त आवळला की अख्खा डबा पिळतो, आणि चांगलं दारही घासायला लागतं. कित्येकांच्या 'बिघडलेल्या' दाराचं दुखणं एवढंच असतं.

मग कागदावर दाराचं चित्र काढा आणि चारही बाजूंना दर फुटावर फट किती आहे ते लिहा. दार भिंतीच्या पत्र्याशी कुठे समपातळीत बसतं आणि कुठे बाहेर उचलून राहतं तेही लिहा. हा कागद जपून ठेवा. माझं सगळं काम शेवटी याच कागदावर अडलं आणि यानेच सुटलं.

तिसरी गोष्ट टोच्याची. दाराच्या चौकटीभोवतीच्या भिंतीत आतून जिथे प्लाय सैल किंवा काळा दिसेल तिथे टोच्या दाबा. चांगलं लाकूड टोच्याला विरोध करतं, कुजलेलं त्याला गिळतं. बिजागरीच्या बाजूची उभी फट्टी कुजलेली निघाली तर दाराचं काम तिथेच थांबवा. आधी भिंत करा. सडक्या खांबावर नवं दार टांगणं म्हणजे पैसे देऊन तेच दुखणं पुन्हा घ्यायचं.

रंगाबद्दल एक सावधगिरी. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या ट्रेलरवर पुन्हा पुन्हा मारलेल्या रंगात शिसं असू शकतं. हार्डवेअरच्या दुकानात तपासणीचं साधं किट मिळतं. शिसं निघालं तर कोरडं घासू नका. रंग ओला करून काढा, तोंडाला चांगला मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

दार उतरवणं आणि सोलणं

प्रत्येक पायरीचा फोटो काढा, आणि फोटोत टेप दिसू द्या. कुलूप, बिजागऱ्या, खिडकीच्या पट्ट्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

स्क्रूंचं डोकं नीट बघा. काहींवर साधी चीर असते, काहींवर चौकोनी खाच, आणि काहींवर फुलपाखरासारखी किंवा टायच्या गाठीसारखी खाच दिसते. तिला क्लच हेड म्हणतात. साध्या पेचकसाने ती सुटल्यासारखी वाटते, पण डोकं खराब होतं. त्याचा बिट स्वस्त आहे, मागवून घ्या. खाचेत भरलेला रंग आधी सुईने कोरून काढायचा, मग पेचकसावर हातोडीची एक टिचकी मारायची, मगच फिरवायचं. तरी हलला नाही तर डोकं ड्रिलने उडवा. दार निघाल्यावर उरलेला देठ पक्कडीने फिरतो.

उतरवताना दाराखाली पाचर देऊन वजन तोलून धरा. आधी खालची बिजागरी सोडा, शेवटी वरची. जोडीला माणूस हवाच. दार जड नसतं, पण कुजलेलं दार मधूनच वाकतं आणि पत्र्याला कायमची घडी पडते. दार निघालं की उघड्या जागेत प्लायचा तुकडा स्क्रूने लावून टाका. ओहायोत ऑक्टोबरातला पाऊस विचारून येत नाही.

आता सोलणं. दार बाहेरची बाजू खाली करून जुन्या गोधडीवर ठेवा. कडेची पट्टी काढा आणि स्टेपल एक एक करून उचला. त्यासाठी मी जुना चपटा पेचकस कानशीवर घासून पातळ केला होता. दुमड सरळ करायची नाही. फक्त सांगाडा बाहेर सरकेल एवढी उघडायची. ती दुमड एकदा पूर्ण उलगडली आणि पुन्हा वळवली, की अॅल्युमिनियम तिथेच तडकतं. सांगाडा कितीही कुजलेला असला तरी टाकू नका. त्याचा कचरा झाला असेल तरी तुकडे जागच्या जागी मांडून नवा आराखडा त्यावरूनच काढायचा असतो.

जुनी फट्टी वाचवायची की नवा सांगाडा

माझं मत सांगतो. फक्त एका फट्टीचं टोक गेलं असेल तर तेवढं कापून तिरक्या सांध्याने नवा तुकडा जोडा. दोनपेक्षा जास्त सांधे गेले असतील तर सरळ नवा सांगाडा करा. मधल्या मार्गात मी पैसे आणि एक शनिवार घालवला. कुजलेल्या लाकडात पातळ इपॉक्सी ओतून ते 'दगडासारखं' करायचं असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. ते लाकूड दगड झालं खरं, पण वरून एक सूत. आत भुसाच राहिला.

लाकूड फर, पाइन किंवा पॉपलर चालेल. दोन लाकडं मात्र कटाक्षाने टाळा. एक म्हणजे कीड आणि बुरशी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं हिरवट लाकूड. कुजणार नाही म्हणून ते मोहात पाडतं, पण आजच्या या लाकडांत तांबं असतं, आणि ओलीत तांबं अॅल्युमिनियमला खातं. काही वर्षांत पत्र्याला आतून पांढरी भुकटी आणि बाहेरून सुईएवढी भोकं दिसतील. दुसरं ओक. त्यातलं आम्ल लोखंडी स्टेपल आणि स्क्रू काळे करतं, आणि दारही उगाच जड होतं.

दुकानातल्या तयार पातळ फट्ट्या बहुतेक केळ्यासारख्या वाकड्या असतात. त्यापेक्षा गाठी नसलेली रुंद फळी घ्या, आठवडाभर घरात ठेवा आणि मग त्यातून फट्ट्या चिरा. आमच्या हॉलमध्ये टीव्हीमागे फळी उभी होती. मुलीने तिच्यावर स्वतःची उंची पेन्सिलने मांडली, ती खूण आता दाराच्या पोटात आहे.

सपाट प्लायच्या पूर्ण शीटवर जुन्या सांगाड्याची बाह्यरेषा काढा. खिडकी, कुलूप, बिजागऱ्या यांच्या खुणा करा. वरचे कोपरे गोल असतील तर सहा सूत प्लायचे गोल कापलेले ठोकळे तिथे बसतात. कोपऱ्यांना टोकाला टोक न टेकवता दोन्ही फट्ट्या अर्ध्या जाडीने कापून एकमेकांवर बसवा. हा सांधा करवत आणि पटाशीनेही होतो. गोंद बाहेरच्या हवेत टिकणारा पाणीरोधक लाकडी गोंद घ्या. मी टाइटबाँड थ्री वापरला. थंडीत तो नीट धरत नाही, त्यामुळे गॅरेजचं तापमान दहा अंशांच्या वर ठेवा.

कुलपाच्या जागी, दोन्ही बिजागऱ्यांच्या मागे आणि आतलं जाळीचं दार जिथे अडकतं तिथे भरीव ठोकळे घाला. मूळ दारात ते नसतात किंवा अपुरे असतात, म्हणूनच जुने स्क्रू भोक मोठं करत करत सैल होतात. या कामात वीस मिनिटं जातात आणि पुढची वीस वर्षं त्यावर उभी राहतात.

माझी मोठी चूक, आणि दार पिळायची युक्ती

पहिला सांगाडा मी गुण्याला लावून, कर्ण मोजून, एकदम काटकोनात केला. आतला प्लाय चिकटवला. सुंदर, सपाट दार. नेऊन चौकटीत धरलं तर तीन कोपरे बसले आणि कुलपाच्या बाजूचा वरचा कोपरा तीन सूत बाहेर. मी ढकललं, तर खालचा कोपरा बाहेर आला.

साठ वर्षांचा ट्रेलर सरळ नसतो. रस्त्यांनी, उन्हाने आणि स्वतःच्या वजनाने भिंत पिळलेली असते, आणि ती पीळ भिंत दुरुस्त केल्यावरही थोडी राहते. जुनं दार भिंतीबरोबर हळूहळू पिळत गेलं होतं. सुरुवातीच्या त्या कागदावर हे सगळं लिहिलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. दार चौकटीवरून मापायचं असतं, गुण्यावरून नाही.

म्हणून आधी चौकटीची पीळ मोजा. चौकटीच्या चार कोपऱ्यांना खिळे मारून दोन दोऱ्या तिरप्या, फुलीसारख्या ताणा. चौकट सपाट असेल तर दोऱ्या मध्यावर एकमेकींना जेमतेम टेकतील. मध्ये फट राहिली तर त्या फटीच्या दुप्पट पीळ आहे. दोऱ्या एकमेकींना दाबत असतील तर वरखाली बदलून पुन्हा मोजा. माझ्या दोऱ्यांत दीड सुताची फट होती, म्हणजे पीळ तीन सूत. कागदावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळली.

आता पीळ दारात घालायची. फक्त सांगाडा असताना तो लवचीक असतो. त्याला खरा आकार मिळतो तो आतला प्लाय चिकटताना. सांगाडा सपाट टेबलावर ठेवा, ज्या कोपऱ्यात उंची हवी तिथे तीन सुतांची पाचर घाला, बाकीचे तीन कोपरे शिकंज्यांनी टेबलाला आवळा, मग गोंद लावून प्लाय बसवा आणि रात्रभर तसंच ठेवा. शिकंजे सोडल्यावर थोडी पीळ परत जाते, म्हणून पाचर पाव ते अर्धा सूत जास्त घ्या. पीळ कुठल्या दिशेला हवी हे टेबलावर झोपलेल्या दारात हमखास उलटं वाटतं. सांगाड्यावर 'बाहेर', 'वर', 'कुलूप' असं मोठ्या अक्षरांत लिहा. मी दुसऱ्या वेळी तीनदा तपासलं आणि तरी गोंदाची बाटली हातात घेऊन एकदा ट्रेलरपर्यंत जाऊन आलो.

प्लाय घेताना एक बारकावा. तीन मिलिमीटरचा चांगला बाल्टिक बर्च सहसा पाच फूट चौरस शीटमध्ये येतो. माझं दार पावणेसहा फूट उंच. सांधा नको असेल तर चार बाय आठ फुटी शीट शोधा, आणि लाकडाचे रेषे उभे ठेवा.

जुन्या ट्रेलरच्या आतल्या भिंतींचा मधासारखा रंग हवा असेल तर अंबर शेलॅकचे दोन-तीन हात द्या. शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांनी बनवलेली, आणि भारत हा तिचा जुना मोठा पुरवठादार. पण लाखेला पाणी लागलं की पांढरे डाग पडतात, म्हणून वरून व्हार्निश हवं. व्हार्निश धरावं म्हणून शेवटचा हात मेण काढलेल्या लाखेचा असू द्या. कापलेल्या कडांना, खासकरून खालच्या कडेला, हात दुप्पट. ती कड कुणाला दिसत नाही आणि पाणी नेमकं तीच शोधतं.

पत्रा

पत्र्यातले पोचे काढायची घाई असते, पण पातळ अॅल्युमिनियम ठोकलं की ताणतं. ताणलेला पत्रा फुगतो आणि हाताने दाबला की 'टॉक टॉक' वाजतो. तो आवाज मग आयुष्यभर सोबत. लोखंडी हातोडी बाजूला ठेवा. खाली वाळूची पिशवी, हातात लाकडी किंवा रबरी हातोडा, आणि पोच्याच्या कडेकडून मध्याकडे हलक्या टिचक्या. ऐंशी टक्के निघाला की थांबा.

पत्रा उजेडासमोर धरा. जुन्या स्टेपलच्या ओळीत चांदण्या दिसतील. लोखंड आणि अॅल्युमिनियम ओलीत एकत्र राहिले की असंच होतं. थोड्या चांदण्या आतून अॅल्युमिनियमचा पातळ तुकडा इपॉक्सीने चिकटवून बुजवता येतात. कड जाळी झाली असेल तर नवा पत्रा घ्या. पण ३००३ जातीचाच मागा. ६०६१ मजबूत म्हणून कुणी गळ्यात मारेल, तो कडक असतो आणि दुमडताना तडकतो. दुमडायला यंत्र लागत नाही. दोन लोखंडी अँगलमध्ये पत्रा शिकंज्याने आवळून लाकडी ठोकळ्याने हळूहळू वळवायचा, एका दमात नाही. उघड्या अॅल्युमिनियमवर साधा रंग टिकत नाही, आधी त्यासाठीचा एचिंग प्रायमर द्या.

पोकळीत काचलोकर पुन्हा भरू नका. ती पाणी धरून ठेवते. सहा सुतांचे कडक फोमचे तुकडे कापून बसवा.

पत्रा सांगाड्यावर पूर्ण चिकटवावा का? माझं उत्तर नाही. हिशेब करून बघा. पावणेदोन मीटर उंच पत्रा, जानेवारीतली उणे पंधराची रात्र आणि जुलैच्या उन्हात तापून पन्नासला गेलेली दुपार. या पासष्ट अंशांत अॅल्युमिनियम साधारण अडीच मिलिमीटर वाढतं, जवळजवळ एक सूत. लाकूड रेष्यांच्या दिशेने त्याच्या पाव भागापेक्षाही कमी हलतं. पूर्ण चिकटवलेला पत्रा उन्हाळ्यात लाटा धरतो. मी फक्त कडेने पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ दिली आणि दुमडीत स्टेनलेसचे स्टेपल मारले. खालच्या दुमडीत मात्र सीलंट सलग न देता दोन ठिकाणी बोटभर मोकळं सोडलं. थेंब आत येणारच, त्याला जायला वाट हवी. मूळ दारात हीच वाट नव्हती.

कुलूप

त्या काळच्या बऱ्याच ट्रेलरवर बार्गमनची कुलपं असतात. मूठ वळवून दार उघडायचं आणि तिच्याशेजारीच किल्लीचं भोक. मूठ ओतीव जस्ताची, वर क्रोमचा मुलामा. ती पॉलिशच्या चाकावर घासू नका, मुलामा गेला की आतलं राखाडी धातू उघडं पडतं आणि खड्डे पडतात. कोमट साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. आतल्या भागात तेल नको, त्यावर धूळ चिकटून चिखल होतो. ग्रॅफाइटची भुकटी घाला. स्क्रू आवळताना हात राखून, जस्त ओतीव असतं, वाकत नाही, मोडतं. किल्ली हरवली असेल तर कुलपावर आकडा कोरला आहे का बघा, जुनी कुलपं जाणणारा किल्लीवाला त्यावरून किल्ली काढू शकतो.

टांगणी

भिंतीतल्या जुन्या भोकांत काडेपेटीच्या काड्या भरायचा मोह टाळा. भोक मोठं करून त्यात कडक लाकडाची गोल खुंटी गोंदासह ठोका, वाळू द्या, कापून सपाट करा, मग नवं बारीक भोक पाडा. स्क्रू स्टेनलेसचे, आणि प्रत्येकाच्या आट्यांना सीलंटचा ठिपका, म्हणजे अॅल्युमिनियमशी थेट गाठ पडत नाही.

दार जागेवर उभं करा. खाली दोन सूत, बाकी तिन्ही बाजूंना एक सूत फट राहील अशा पाचरा द्या. पत्त्यांचा जुना कॅट इथे फार कामाला येतो, फटीत पत्ते घालून मोजायचं आणि तेच पत्ते बिजागरीखाली सारून दार बाहेर आणायचं. प्रत्येक बिजागरीत आधी एकच स्क्रू. दार दहा वेळा उघडून मिटा. समाधान झालं की बिजागरीच्या पानामागे ब्युटाइलची, म्हणजे मऊ चिकट रबरी सीलंटची, पट्टी लावून सगळे स्क्रू घट्ट करा. सिलिकॉन नको. ते पुढे सुटलं की त्याचा उरलेला थर निघत नाही आणि त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, रंगसुद्धा नाही.

कडीची जीभ चौकटीत नेमकी कुठे आदळते हे कळायला मी तिला ओलं कुंकू लावलं आणि दार मिटलं. चौकटीवर उमटलेल्या ठिपक्यावर पट्टी बसवली. बायकोने करंडा परत मागितला तेव्हा त्यात ग्रॅफाइट पण होतं, ते वेगळं.

रबर शेवटी. डी आकाराचं पोकळ ईपीडीएम रबर घ्या, आणि जाडी ठरवण्याआधी दार मिटल्यावर आत किती जागा उरते ते मोजा. जाड रबर म्हणजे चांगलं रबर नव्हे. ते वरच्या कोपऱ्याला बाहेर ढकलतं आणि एवढ्या कष्टाने घातलेली पीळ वाया जाते. तपासायला डॉलरची नोट दारात धरून दार मिटा आणि ओढा. थोडी अडून यायला हवी, फाटायला नको, सहज सुटायलाही नको. दारावरच्या पावसाळी पट्टीचं जुनं सीलंट काढून तिथेही ब्युटाइल भरा. पट्टी दोन्ही बाजूंना दारापेक्षा इंचभर पुढे असेल तर थेंब फटीत न पडता बाहेर पडतो.

पाणी आणि रस्ता

पाण्याची परीक्षा खालून वर घ्यायची. एकजण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर बागेची नळी मंद सोडून. आधी उंबऱ्याजवळ पाच मिनिटं, मग बिजागऱ्या, मग कुलूप, मग खिडकी, शेवटी वरची पट्टी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. आमच्याकडे खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक थेंब आला. खिडकी काढून ब्युटाइल पुन्हा घातलं, दुसऱ्या दिवशी कोरडं.

चालत्या गाडीत दार उघडलं तर काय होतं हे जुन्या दारांच्या वाकलेल्या बिजागऱ्या सांगतात. बिजागरी पुढच्या बाजूला असेल तर वारा दाराला मिटवून धरतो. मागच्या बाजूला असेल तर वारा ते हिसकावून घेतो. माझं दार मागच्या बिजागरीचं आहे, म्हणून कुलपाशिवाय बाहेरून एक स्टेनलेसची कडी-कोयंडा बसवला आणि त्यात पिन. पहिल्या प्रवासात पहिल्याच पेट्रोलपंपावर थांबून पिन, कडी आणि बिजागऱ्यांचे स्क्रू बघा. शंभरेक मैलांनी स्क्रू पुन्हा एकदा आवळा, नवं लाकूड बसताना थोडं दबतं. आमच्या वरच्या बिजागरीचा एक स्क्रू पाव फेरा फिरला, बाकी जागेवर होते.

आतलं जाळीचं दार अजून गॅरेजमध्ये भिंतीला टेकून आहे. त्याचीही खालची पट्टी गेली आहे.